फेंगडे पाय, वळलेली पावलं आणि तुमची पायाळू नात

नमस्कार काकू,

बाळांच्या वाकड्या पायांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. नुसतं ‘धन्यवाद’ लिहून पुढे जाववलं नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगते. काकूंचं म्हणणं असं की मी नव्या आयांना उगाच घाबरवते. त्यांच्या थोरल्या नातवाचे पाय फेंगडे होते, सक्करदऱ्याच्या मालिशवाल्या बाईंनी रोज तेल लावलं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ते सरळ झाले. पोरांच्या पायदुखीवर ‘रक्त तपासा’ सांगणं त्यांना धंदा वाटतो. आणि शेवटी एक ओळ: चार महिन्यांची धाकटी नात पायाळू आहे, म्हणजे पायाकडून जन्मलेली, दुपट्यात घट्ट बांधून ठेवतो, तीही मालिशीवर छान वाढतेय.

आधी माझी चूक. ‘मालिशवाल्यांच्या नादी लागून वेळ घालवतात’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. बाळंतघरात त्या बाईंइतकं बाळाला हाताळणारं दुसरं कुणी नसतं. ते वाक्य मी काढलंय.

नातवाबद्दल तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. पोटात पाय दुमडून बसलेलं बाळ चालायला लागतं तेव्हा गुडघ्यांत फट दिसतेच. दीड-दोन वर्षांत ती जाते. मग तीन-चार वर्षांच्या सुमारास उलट होतं, गुडघ्याला गुडघा लागतो, आणि सातव्या वर्षापर्यंत तेही जागेवर येतं. मालिश केली तरी, नाही केली तरी. फक्त दोन वर्षांनंतरही बाक वाढतच असेल, एकाच पायात असेल किंवा मनगटं जाड दिसत असतील तर मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होणं, आहे का ते बघावं लागतं. नागपुरात उन्हाला तोटा नाही, पण बाळ वर्षभर कूलरच्या खोलीतच असतं. म्हणून तर पहिल्या वर्षी रोज ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिट थेंब देतात.

माझा लेख मात्र फेंगड्या पायांवर नव्हता. तो जन्मतःच आत वळलेल्या पावलाबद्दल होता, ज्याला क्लबफूट म्हणतात. साधारण हजारात एका बाळाला तो असतो. इथेही एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. काही बाळांचं पाऊल पोटातल्या अडचणीमुळेच वळलेलं असतं. तळव्याच्या बाहेरच्या कडेला बोटाने गुदगुली केली की ते आपणच सरळ होतं, टाच खाली येते, हलकेच वर दाबलं तर नडगीकडे झुकतं. असं पाऊल आपोआप बरं होतं आणि श्रेय तेलाला जातं. खरा क्लबफूट हाताला अडतो. पाऊल अर्ध्यावर थांबतं, टाच वर ओढलेलीच राहते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. काटोलकडची एक आई चौदा महिन्यांचं पोरगं घेऊन आली होती. मोजा काढला तर पावलाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला, जिथे जन्मात कुणाची कातडी जाड होत नाही, तिथे घट्टा पडला होता. पोरगं पावलाच्या पाठीवर उभं राहत होतं. “सगळे म्हनत होते जी, आपोआप सुदं होईन,” ती म्हणाली. मी त्या घट्ट्यावर बोट ठेवलं तेव्हा तिने नजर वळवली. तेच पाऊल पहिल्या महिन्यात आलं असतं तर!

मालिशीने ते का होत नाही, हे मी लेखात नीट सांगितलं नव्हतं. नवजात बाळाच्या पावलातली हाडं बरीचशी कूर्चाच असतात, आणि त्यांना बांधणारे बंध ताणले की लांबतात, पण ताण धरून ठेवला तरच. दहा मिनिटं दाबून सोडलं की ते परत आखडतात. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात इग्नासिओ पोन्सेती या डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या मध्यावर हेच ओळखलं. हाताने हलकेच पाऊल थोडं वळवायचं, मांडीपर्यंत प्लॅस्टर घालून आठवडाभर तिथेच धरायचं, मग पुढचं प्लॅस्टर. पाच-सहा प्लॅस्टर होतात. मग बहुतेक बाळांमध्ये टाचेमागची दोरीसारखी शीर (कंडरा, रक्ताची नव्हे) एका बारीक छेदाने सैल करतात. त्यानंतर पट्टीला जोडलेले बूट, तीन महिने जवळपास दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. घरचे कंटाळतात ते इथेच, आणि बूट सुटले की पाऊल पुन्हा वळतं. आयांशी माझं सगळ्यात जास्त बोलणं या बुटांवरच होतं. मोठ्या ऑपरेशनची वेळ क्वचितच येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार आहे, त्यामुळे सरकारी दवाखान्यात उपचाराला पैसे पडत नाहीत. यात धंदा कुठे आला?

रक्त तपासणीचं सांगते. रात्री दोन्ही पोटऱ्या दुखतात, चेपून दिल्या की पोरगं झोपतं आणि सकाळी धावत सुटतं, तर ते वाढीचं दुखणं. त्याला तुमचं कोमट तेल उत्तमच. पण आपला विदर्भ सिकलसेलचा पट्टा आहे. त्यात रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात आणि हाडं असह्य दुखतात. तान्ह्या बाळाच्या हातापायांची बोटं सुजतात. पुढे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचं रक्त तुटून तरुणपणीच खुबा जातो. दुखणं वारंवार येत असेल, एकाच जागी असेल, सोबत ताप किंवा लंगडणं असेल, तर मी रक्त तपासा म्हणणारच.

आता तुमची शेवटची ओळ. माझी झोप तिनेच उडवली.

पायाळू माणसाची लाथ लागली की उसण जाते म्हणतात, माझी आजीही म्हणायची. पण पायाळू बाळांमध्ये, त्यातही मुलींमध्ये, खुब्याचा सांधा खोबणीतून सरकलेला असण्याची शक्यता जास्त असते. तो दुखत नाही, बाळ रडत नाही, मालिशीत कळतही नाही. लंगोट बदलताना दोन्ही मांड्या सारख्या उघडतात का, बघा. सारख्या उघडल्या तरी तपासणी चुकवू नका. चार महिन्यांच्या बाळाचा खुबा सोनोग्राफीत दिसतो. नंतर एक्स-रे काढावा लागतो. सहा महिन्यांच्या आत कळलं तर बहुधा पट्ट्यांच्या हार्नेसवर काम भागतं. चालायला लागल्यावर कळलं तर बहुधा ऑपरेशन.

तोवर दुपटं कमरेखाली सैल ठेवा, पाय बेडकासारखे दुमडू द्या. मालिशवाल्या बाईंना सांगा, पाय जुळवून ओढायचे नाहीत, पाय धरून उलटं करायचं नाही. कडेवर घ्या, मांड्या तुमच्या कमरेला दोन्हीकडून धरतील अशी. आपल्या आजींची ती सवय खुब्याला चांगली आहे.

नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत, मेडिकलला जा, मेयोला जा, नाहीतर तुमच्या विश्वासातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे. पण याच आठवड्यात जा. जन्माची फाईल सोबत न्या आणि नोंदणी करतानाच ‘पायाळू मुलगी, खुबा बघायचाय’ असं स्पष्ट सांगा. काय निघालं ते इथे लिहाल ना काकू? मी वाट बघते.