सालसाच्या रात्री शाल-श्रीफळ

काल रात्रीचा संताप सकाळच्या चहानंतरही उतरला नाही, म्हणून लिहितेय.

संत्र्याच्या मृग बहाराची तोड चालू आहे, व्यापारी दारात बसलाय, तरी मी आणि नवरा चारलाच बाग सोडून निघालो. गावापासून 55 किलोमीटर. हायवेवरच्या लग्नाच्या लॉनचा आता क्लब झालाय आणि तिथे 'लॅटिन-कॅरिबियन नाइट' होती. दोघांचे अडीच हजार आधीच भरलेले. पुण्यात होते तेव्हा मी चार वर्षं सालसा, हा जोडीने करायचा नाच, शिकले. गावी परतल्यावर नवऱ्याला संत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलवर गाणं लावून मीच शिकवलं: एक-दोन-तीन, पाच-सहा-सात, चार आणि आठला थांबायचं. सहा वर्षांत मोठ्या स्पीकरवर एक गाणं नशिबी आलं नव्हतं. तालुक्याला 'सालसा क्लास'ची पाटी पाहून तीन महिन्यांची फी भरली होती, तिथे झुम्बाच्या उड्या मारून घेतल्या. त्या फीचाही राग अजून आहे.

पत्रिकेवर वेळ 8 ते 12. आठला साउंडवाला वायरी ओढत होता. 'हॅलो, चेक, चेक' नऊपर्यंत. आणि मग सत्कार! सालसाच्या रात्री सत्कार! स्टेजवर लग्नातले तेच लाल सोफे, त्यावर पाहुणे, पाहुण्यांसोबत आलेले, त्यांनाही सोडायला आलेले. उद्घाटकांना शाल-श्रीफळ. मंडपवाल्याला शाल-श्रीफळ. रस्त्यासाठी जागा देणाऱ्या काकांना शाल-श्रीफळ. प्रत्येक वेळी फोटोसाठी थांबायचं, एकाचे डोळे मिटले म्हणून पुन्हा काढायचा. एक नाव राहिलं तर निवेदकाने माफी मागून सगळी यादी वरपासून वाचली. मग भागाच्या विकासावर भाषण. शेजारच्या खुर्चीवरच्या मावशींनी मला विचारलं, "काऊन वं बाई, नाच कवा सुरू होते?" काय सांगू त्यांना?

मी तोवर मोहितो मागवला. 450 रुपये. मोहितो म्हणजे क्युबाचं पेय: पांढरी रम, लिंबू, साखर, पुदिना, सोडा. पाचच गोष्टी! यांनी बाटलीतलं हिरवं सरबत ओतलं, त्यात काळी रम आणि वर पुदिन्याचं एक काळवंडलेलं पान. अरे, आमच्या विहिरीच्या पाटाला पुदिना माजलाय, लिंबं झाडाखाली सडताहेत. विदर्भात बसून बाटलीतलं लिंबू पाजता? काउंटरमागे बॉब मार्लेचं पोस्टर आणि खाली लिहिलेलं 'क्युबा'. तो जमैकाचा! शेजारी मेक्सिकोच्या टोप्या टांगलेल्या. चारपाच देशांच्या नावाने पैसे घेता तर निदान कोण कुठला एवढं तरी बघा.

दहाला सात मिनिटं असताना सोफे हलले आणि 2017 साली गाजलेलं तेच एक गाणं लागलं. मी धावत डीजेकडे गेले. "दादा, सालसा लावा ना." तर म्हणतो, "ताई, हेच तर सालसा आहे." हे रेगेटॉन आहे हो! त्याची चाल वेगळी, ठेका वेगळा. सालसा न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिको आणि क्युबाहून आलेल्या लोकांनी घडवलेला. बचाता, म्हणजे तिकडचाच आणखी एक जोडीचा नाच, मागितला तर नावही ऐकलेलं नाही. डॉमिनिकन रिपब्लिकच्या या बचाताला युनेस्कोने 2019 मध्ये वारसा म्हणून यादीत घेतलं. शेवटी माझाच फोन वायरीला जोडायला लावला.

आणि लागलं. क्लाव्हेचे, म्हणजे दोन लाकडी दांड्यांचे, ते पाच ठोके, आधी तीन मग दोन, इतक्या मोठ्या आवाजात मी सहा वर्षांनी ऐकले. ओल्या हिरव्या गालिच्यावर का होईना, आम्ही उभे राहिलो. नवरा एकही ठोका चुकला नाही. मावशी टाळ्या वाजवत होत्या. मी गिरकीत होते, त्याचा हात माझ्या डोक्यावर, आणि आवाज बंद. दहा वाजले. पोलिसांची गाडी फाटकात.

पोलिसांवर माझा अजिबात राग नाही. उघड्यावर दहानंतर स्पीकर चालत नाही, हा नियम 2000 सालचा आहे. पलीकडच्या वस्तीत बारावीची पोरं अभ्यासाला बसलेली असतात. हे लॉनवाल्यांना माहीत नाही? दरवर्षी शंभर वराती इथे दहाला थांबतात! तरी बारापर्यंतचे पैसे घेतले आणि होते ते दोन तास नारळ वाटण्यात घालवले.

मॅनेजरकडे पैसे परत मागितले. म्हणे, "ताई, जेवण चालू आहे ना, जेवून घ्या." मी जेवायला आले होते? घरी भाकरी नव्हती? नवरा म्हणाला, "चाल, जाऊ दे." नाही जाऊ देणार. पुण्याहून जपून आणलेल्या माझ्या नाचाच्या बुटांचे मऊ तळवे त्या ओल्या गालिच्याने फुगलेत, ते आत्ता ओट्यावर उन्हात ठेवलेत. सकाळपासून तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा कापला. तोड आटोपली की चौथ्यांदा लावते.