'खुर्चीत बसून बघा' म्हणणाऱ्या निवृत्त ग्रंथपालांना

नमस्कार.

'ग्रंथालयाची यादी घरबसल्या दिसली पाहिजे' या माझ्या लेखावर 'एक निवृत्त ग्रंथपाल' अशा सहीने तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. अनुदानात कर्मचाऱ्यांचा पगार भागत नाही, तिथे संगणक कुठून आणायचा? पुस्तकं स्कॅन करून फुकट वाटली तर लेखक-प्रकाशकांनी काय करायचं? वयस्कर वाचकांना पुस्तकांच्या नोंदींची कार्डंच चाळायची सवय आहे. पुण्या-मुंबईची फॅडं कोल्हापुरात चालत नाहीत. आणि शेवटी हे वाक्य: "ताई, बाहेरून सल्ले देणं सोपं असतं. एकदा ग्रंथपालाच्या खुर्चीत बसून बघा, मग मोबाइलच्या गप्पा मारा."

मतभेदाला माझी ना नाही. पण 'ताई' म्हणायचं आणि त्याच दमात तिला बाहेरची ठरवायचं, ही कुठली रीत? तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या घरी कधी आला नाहीत, माझा लेख सोडून माझं दुसरं काही वाचल्याचंही दिसत नाही. तरी मी बाहेरची आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? लेखात यादी, नोंदी, शोध याबद्दल मी जे लिहिलं त्यातल्या एकाही वाक्याला तुम्ही हात लावलेला नाही. थेट माझ्यावरच आलात.

तर आता खुर्चीबद्दल बोलू.

माझे वडील आमच्या पेठेतल्या एका लहान ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते. त्या संस्थेचं नाव इथे घेत नाही. संध्याकाळी शाळा सुटली की मी घरी न जाता तिथेच जायचे. नव्या पुस्तकांना मागच्या पुठ्ठ्याच्या आत खिसा चिकटवायचा, तारखेची चिठ्ठी लावायची, पहिल्या पानावर आणि ठरलेल्या गुप्त पानावर शिक्का मारायचा, ही कामं मी हात खळीने चिकट होईस्तोवर केली आहेत. दाखल नोंदवहीत वडील एकेक नोंद स्वतःच्या हाताने करायचे. दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, किंमत. अक्षर मोत्यासारखं. खाडाखोड झाली तर तिथे सही करायचे. मला नोंदवहीला हात लावायची परवानगी मिळाली ती बरीच उशिरा, आणि त्या दिवशीचा आनंद मी विसरलेली नाही.

त्या खुर्चीत बसल्यावर काय दिसतं, हे मी पाहिलंय. वाचक दारातूनच विचारायचा आणि वडील मान वर न करता कपाट सांगायचे. सगळे कौतुक करायचे. पण वडील आजारी पडले की देवघेव जवळपास ठप्प व्हायची, कारण कार्डांच्या खणात निम्मी कार्डं जागच्या जागी नसायची आणि खरी यादी वडिलांच्या डोक्यात होती. वाचक हात हलवत परत जायचे. वडिलांना याचा फार त्रास व्हायचा. "पुस्तक आहे, माणूस आलाय, आणि दोघांची गाठ पडत नाही," असं ते म्हणायचे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पंचसूत्री मांडली, त्यातलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा हेच सांगतं. तुम्ही ग्रंथपाल होता, म्हणजे परीक्षेत यावर तुम्हीही उत्तर लिहिलं असणार.

आणि मोबाइलच्या गप्पांबद्दल. वडील निवृत्त झाल्यावर त्या ग्रंथालयाने संगणक घेतला आणि एका मुलाकडून सगळ्या नोंदी टाइप करून घेतल्या. काम त्याने मनापासून केलं, पण ते त्या वेळच्या जुन्या फॉन्टमध्ये झालं. पुढे संगणक बदलला, तो फॉन्ट नव्या यंत्रावर आला नाही, आणि यादी उघडली की पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांचा खच. एक नाव वाचता येईना. अशा वेळी तुमच्यासारखे लोक म्हणतात, बघा, म्हणून संगणक नको. मी ती फाइल घरी आणली. नोकरी सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर, दाखल नोंदवही शेजारी उघडी ठेवून एकेक नोंद युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी म्हणूनच वाचता येईल अशा प्रमाण सांकेतिक पद्धतीत, आणली. आधी आपोआप रूपांतर करून घेतलं, मग राहिलेल्या जोडाक्षरांना हाताने धरलं.

हे काम केल्याशिवाय जे कळत नाही ते सांगते. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला 'ऱ' वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. डोळ्याला दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. 'ॲ'चंही तेच, कुणी एक अक्षर म्हणून टाइप करतं, कुणी 'अ' टाइप करून वर चंद्र देतं. शिवाय 'कोल्हापूर' आणि 'कोल्हापुर'. परिणाम असा की पुस्तक कपाटात आहे, यादीत आहे, आणि शोधणाऱ्याला उत्तर मिळतं 'सापडले नाही'. आजचा वाचक मग दुसऱ्यांदा शोधत नाही. त्याच्या लेखी ते पुस्तक ग्रंथालयात नाहीच. डिजिटल होणं म्हणजे मला आधी हे निस्तरणं वाटतं, दारात टचस्क्रीन लावून फोटो काढणं नव्हे. आता मला सांगा, हे बाहेरून दिलेले सल्ले आहेत?

एक गोष्ट मान्य करते. कार्डांचे खण एका दिवसात काढून टाकू नयेत, हे तुमचं बरोबर आहे. ज्यांची बोटं कार्डांना सरावली आहेत त्यांच्यासाठी ते राहू द्यावेत. मी ते फेकून द्या असं कुठेही लिहिलेलं नाही, तरीही मान्य.

बाकी मुद्द्यांत फार शिरत नाही. पगाराचा आणि अनुदानाचा प्रश्न सरकारदरबारी मांडायचा आहे, माझ्या लेखाखाली नाही. सॉफ्टवेअरला मात्र पैसे लागतातच असं नाही. 'कोहा' न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालय संस्थेसाठी तयार झालं, २००० सालापासून वापरात आहे, कुणालाही मोफत मिळतं आणि त्यात मराठी नोंदी युनिकोडमध्ये घेता येतात. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं 'ई-ग्रंथालय' आहे. स्कॅनिंगबद्दल म्हणाल तर मी यादीबद्दल लिहिलं होतं, पुस्तकं फुकट वाटण्याबद्दल नाही. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो हे मला ठाऊक आहे. आणि सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा कायद्यानेच २०१२ च्या दुरुस्तीत दिली आहे. पूर्ण लेख वाचला असता तर हा प्रश्न तुम्हाला पडला नसता.

पण 'पुण्या-मुंबईची फॅडं कोल्हापुरात चालत नाहीत' हे मी सोडणार नाही. कोणत्या कोल्हापूरबद्दल बोलताय? इथलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला. मद्रासने तो १९४८ मध्ये केला, आणि महाराष्ट्राचा कायदा यायला १९६७ साल उजाडलं. ग्रंथालयाच्या बाबतीत या गावाने कधी पुण्या-मुंबईची वाट पाहिली नाही, मग यादी नीट करायलाच का पाहावी? अभ्यासिकेत सकाळपासून बसणारी स्पर्धा परीक्षेची पोरं कागल, राधानगरी, गारगोटीहून येतात. पुस्तक आत आहे की कुणी नेलंय, हे एसटीत बसण्याआधी कळावं एवढीच त्यांची अपेक्षा असते. तिला फॅड म्हणू नका.

आणि पूर विसरलात का? २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पंचगंगा शहरात शिरली. २०१९ ला सांगलीत नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. पुस्तकांबरोबर नोंदवही आणि कार्डंही भिजली, तर काय गेलं हेसुद्धा नंतर सांगता येत नाही. इमारतीबाहेर कुठेतरी यादीची एक प्रत असली पाहिजे, हे सांगायला आणखी कुठल्या खुर्चीत बसू?

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढे लिहायचं झालं तर यादीबद्दल लिहा. तुम्ही जिथे काम केलंत तिथल्या नोंदी संगणकावर आहेत का, आणि असतील तर कोणत्या फॉन्टमध्ये, एवढं कळवा. जुन्या फॉन्टमध्ये असतील तर संस्थेला विचारून फाइल पाठवा. मी ती बदलून देईन, पैसे घेणार नाही. फक्त दाखल नोंदवही पडताळायला तुम्ही शेजारी बसायचं.