मोठ्याचा भाव

अमेरिकेत, ओमाहातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात मांसाच्या काउंटरपाशी हल्ली अनोळखी माणसं एकमेकांशी बोलतात. पाकीट उचलायचं, आकडा बघायचा, परत ठेवायचं आणि शेजारच्याला म्हणायचं, ''आता हे पण परवडेना.'' बीफच्या खिम्याचा देशभरातला सरासरी भाव जून २०२५ मध्ये पहिल्यांदाच पौंडाला सहा डॉलरच्या वर गेला. म्हणजे किलोला तेरा डॉलरहून जास्त. मी राहते त्या नेब्रास्कात माणसांच्या तिप्पट गुरं आहेत, आणि तिथे ही गत.

यामागची कारणं इथे कुणीही सांगेल. सलग काही वर्षं दुष्काळ पडला, कुरणं करपली, वैरण महागली. मग पैदाशीसाठी राखायच्या गायीही लोकांनी विकून टाकल्या. जानेवारी २०२५ च्या मोजणीत अमेरिकेत ८ कोटी ६७ लाख गुरं भरली, १९५१ नंतरची सर्वांत कमी. कळप पुन्हा वाढवायचा तर कालवडी कत्तलीला न पाठवता घरी ठेवाव्या लागतात, म्हणजे दोन-तीन वर्षं बाजारात माल आणखीच कमी. त्यात मेक्सिकोत जिवंत जनावराच्या जखमेत अंडी घालणाऱ्या माशीची साथ आली आणि तिकडून येणारी गुरं सीमेवरच थांबवली गेली. ब्राझीलच्या मालावर ऑगस्ट २०२५ मध्ये जबर आयातशुल्क बसलं. बीफपुरतं ते नोव्हेंबरमध्ये मागे घ्यावं लागलं. अर्जेंटिनाचं बीफ आणू, असं ट्रम्प म्हणाले, तर त्यांना मतं देणारे गुरंवालेच त्यांच्यावर उखडले.

हे सगळं रोज बातम्यांत असतं. गिऱ्हाईक चिडलं की राष्ट्राध्यक्षाला उत्तर द्यावं लागतं. आणि ऐकताना मला दर वेळी जालन्याची मावशी आठवते.

आमच्या घरी बीफला बीफ कुणी म्हणत नव्हतं. ते 'मोठ्याचं'. आजी त्याच्या चान्या, म्हणजे लांब पट्ट्या, करून दोरीवर वाळत घालायची. पावसाळ्यात हाताला काम नसलं की त्यातल्या चार चान्या कालवणात पडायच्या आणि सगळ्यांचं भागायचं. बकऱ्याचं मटण आम्हाला कधी झेपलंच नाही. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने आहेच. २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगण्यावरची बंदी तेवढी रद्द केली. त्या सगळ्या काळात टीव्हीवर किती चर्चा झाल्या! संस्कृती, श्रद्धा, संविधान, सगळं निघालं. किलोचा भाव काय झाला, हे विचारलेलं मी तरी एकदाही ऐकलं नाही.

म्हैस-रेड्याला बंदी नाही, हे मला इथल्या मराठी मित्रांनी अनेकदा ऐकवलं आहे. कागदावर ते खरं आहे. पण रस्त्यात गाडी अडवणारा गोरक्षक कागद बघत बसत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात जनावरांचा आणि मांसाचा धंदा करणाऱ्या कुरेशी समाजाने या छळाला कंटाळून राज्यभर जनावरांची खरेदीच बंद केली, तेव्हा बाजारात भाकड म्हशी घेऊन आलेले शेतकरी तशाच परत घेऊन गेले. भाकड जनावर दावणीला ठेवलं तरी दोन्ही वेळची वैरण लागतेच, आणि विकलं नाही तर दुभतं घ्यायला पैसे येणार कुठून? गोव्यातही २०२४ च्या ऐन नाताळात गोरक्षकांशी झालेल्या मारामारीनंतर विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली होती.

गायीवर श्रद्धा असणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणारा, त्याला पुरणपोळी भरवणारा शेतकरी मी जवळून पाहिला आहे. दुष्काळात त्याच बैलाला डोळे पुसत बाजारात नेणाराही तोच. त्याचा दुसरा हात बांधून ठेवायचा आणि पहिल्याचे गोडवे गायचे, हे मला पटत नाही.

आमच्या इथल्या मंडळात एक गृहस्थ म्हणाले, ''मिळत नसेल तर चिकन खावं, त्यात काय एवढं?'' इथेही पुष्कळ लोक चिकनकडे वळले आहेत. पण ते आपल्या खिशाकडे बघून. त्यांना कुणी वळवलेलं नाही.

अमेरिकेचं सगळं बरं चाललंय असं मी म्हणत नाही. बीफसाठीच्या गुरांची सुमारे ८५ टक्के कत्तल चार कंपन्यांच्या हातात आहे. आमच्याच राज्यातल्या लेक्झिंग्टनमध्ये, जेमतेम अकरा हजार वस्तीच्या गावात, टायसन या मांस कंपनीने जानेवारी २०२६ मध्ये कारखाना बंद केला आणि सुमारे ३,२०० लोकांचं काम गेलं. त्यांत मेक्सिको, सोमालिया, ग्वाटेमालातून आलेली माणसं खूप. सहा डॉलरच्या खिम्याची चर्चा करणाऱ्यांनी त्या गावाची चर्चा चार दिवसांत संपवली, याचाही मला राग आहे. पण ती चार दिवस झाली. किती माणसं, किती गुरं, पुढे काय, हे आकड्यांत बोललं गेलं. आपल्याकडे कुरेशींच्या संपात किती घरांत चूल कशावर पेटली, हे कुणी मोजलं?

गेल्या महिन्यात मावशीशी बोलताना मी इथला भाव सांगितला. तिने मनात हिशेब केला आणि म्हणाली, ''अगं बाई, एवढं? मग तुम्ही लोकं ओरडत नाही का?''

''ओरडतात की. सगळेच ओरडतात,'' मी म्हणाले.

''तुझ्याकडे कितीला मिळतं आता?'' मी विचारलं. पलीकडून आधी दार लावल्याचा आवाज आला. मग तिने अगदी हळू आवाजात भाव सांगितला.