पत्रकार संरक्षण कायदा आहे, चॅनेलची नियमावली कुठे आहे?

महाराष्ट्रात एखाद्या चॅनेलच्या प्रतिनिधीला मारहाण झाली की पत्रकार संघ जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात आणि पत्रकार संरक्षण कायद्याखाली गुन्हा दाखल करा म्हणतात. मागणी रास्त आहे. २००७ मध्ये मुंबईत स्टार न्यूजच्या आणि २००९ मध्ये विक्रोळीत आयबीएन-लोकमतच्या कार्यालयावर जमाव चालून गेला, तेव्हा असं कलमच हाताशी नव्हतं. २०१७ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१९ मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसानीची भरपाई, आणि तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे नाही. हे सगळं पत्रकारांनी वर्षानुवर्षं भांडून मिळवलेलं आहे.

इथे अमेरिकेत पत्रकारांसाठी असा केंद्रीय कायदा नाही. २०१८ मध्ये काँग्रेसपुढे (म्हणजे इथल्या संसदेपुढे) विधेयक आलं, पण मंजूर झालं नाही. तरीही स्थानिक टीव्ही स्टेशनांच्या सुरक्षेवर इथे जे बोललं जातं, त्यातला एक भाग आपल्याकडच्या चर्चेत जवळपास ऐकूच येत नाही: हल्ला होण्याआधी मालकाने काय केलं होतं? कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून बहुतेक आस्थापनांना एसबी ५५३ हा कायदा लागू आहे. टीव्ही स्टेशनंही त्यातच येतात. मालकाने कामावरच्या हिंसेविरुद्धची योजना लेखी करायची, ती करताना कर्मचाऱ्यांना सामील करून घ्यायचं, दरवर्षी प्रशिक्षण द्यायचं, आणि प्रत्येक घटनेची नोंदवही पाच वर्षं जपायची. नुसती धमकीसुद्धा त्या वहीत चढते. माझ्या मते या कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही नोंदवहीच. एकाच चौकात तीनदा शिवीगाळ झाल्याचं कागदावर असेल, तर चौथ्यांदा तिथे एकट्या मुलीला पाठवणाऱ्या डेस्कला ‘कल्पना नव्हती’ असं म्हणता येत नाही.

ही जाणीव फार मोठी किंमत देऊन आली आहे. २६ ऑगस्ट २०१५ च्या सकाळी पावणेसातला व्हर्जिनियातल्या डब्ल्यूडीबीजे या छोट्या स्टेशनची बातमीदार ॲलिसन पार्कर आणि छायाचित्रकार ॲडम वॉर्ड यांना लाइव्ह मुलाखत चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या. ज्यांची मुलाखत चालू होती त्या बाई जखमी झाल्या. मारणारा त्याच स्टेशनने २०१३ मध्ये काढून टाकलेला बातमीदार होता. लाइव्हची मांडणीच अशी असते की कॅमेरामनचा एक डोळा व्ह्यूफाइंडरला, बातमीदाराच्या कानात पीसीआरचा (स्टुडिओच्या नियंत्रण कक्षाचा) आवाज आणि पाहुण्याची नजर बातमीदारावर. तिघं हजर, पण आजूबाजूला पाहणारं कुणी नाही. म्हणून धोक्याच्या जागी चौथा माणूस लागतो, ज्याला केबल धरायची नाही की फोन घ्यायचा नाही, फक्त भोवती पाहायचं. पाठीशी भिंत किंवा गाडी हवी. गाडी तोंड बाहेर करून लावायची आणि किल्ली चालवणाऱ्याच्या खिशात ठेवायची. ‘थोड्याच वेळात अमुक चौकातून थेट’ अशी पट्टी आधीपासून फिरवायची नाही. बातमीदार आणि पीसीआर यांच्यात एक ठरलेला शब्द हवा. तो कानावर पडला की चित्र स्टुडिओवर घ्यायचं आणि का, ते नंतर विचारायचं. लाइव्ह संपल्यावर तिथेच गाडीत बसून लॅपटॉपवर बातमी एडिट करणं सर्वांत घातक. अंधारात पडद्याच्या उजेडामुळे बाहेरचं काही दिसत नाही, बाहेरच्याला मात्र आतलं सगळं दिसतं. दोन-तीन किलोमीटर पुढे, उजेडात, दारं लावून मग काम करावं.

रक्षक नेमला की प्रश्न सुटला, असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये क्रॉन स्टेशनच्या चमूबरोबर असलेले निवृत्त पोलीस केव्हिन निशिता कॅमेरा लुटायला आलेल्यांच्या गोळीने जखमी झाले आणि तीन दिवसांनी वारले. आपल्या कायद्याच्या चौकटीत हा प्रसंग ठेवून पाहा. त्यात माध्यमकर्मी म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे तो. रक्षक त्यात बसत नाही, आणि ओबी व्हॅनचा (लाइव्ह प्रक्षेपणाच्या गाडीचा) ड्रायव्हरही बसत नाही.

अमेरिकेची एक गोष्ट मात्र आपण मुळीच उचलू नये: लाइव्हला एकट्याला पाठवणं. पूर्वी लाइव्हसाठी उंच मास्टची, म्हणजे वर चढवायच्या अँटेनाच्या खांबाची, गाडी लागायची. वर न पाहता मास्ट चढवला आणि तो विजेच्या तारेला लागला की माणसं होरपळायची. २००० साली लॉस एंजेलिसमध्ये एका बातमीदाराला अशाच अपघातात हाताचा आणि पायाचा काही भाग गमवावा लागला. पन्नास किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान दहा फूट, हा नियम त्यासाठीच आहे. मग अनेक सिमकार्डांचं नेटवर्क एकत्र जोडून चित्र पाठवणारे बॅकपॅक आले, आणि मास्टचं काम कमी झालं. त्याबरोबर चमूतल्या दुसऱ्या माणसाची जागाही गेली. जानेवारी २०२२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात एका तरुण बातमीदाराला लाइव्ह चालू असताना मागून मोटारीने उडवलं. ती एकटीच होती, कॅमेरा तिवईवर, आणि नेमकं काय झालं ते स्टुडिओतल्या निवेदकाला कळेना. सुदैवाने ती बचावली. आपल्याकडे तालुक्याचा प्रतिनिधी आज एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात माइकचा बूम घेऊन एकटाच उभा असतो. चॅनेलला हे स्वस्त पडतं, धोका मात्र सगळा त्याच्या अंगावर.

इमारतीचं म्हणाल, तर इथली भीती वेगळी आहे. २०१४ मध्ये मेरीलँडच्या आणि २०१८ मध्ये डॅलसच्या एका स्टेशनवर ट्रक धडकवले गेले. त्यामुळे दारापुढे जमिनीत खोल रोवलेले, काँक्रीट भरलेले लोखंडी खांब लागतात. नुसत्या ठेवलेल्या शोभेच्या कुंड्या ट्रकबरोबर घसरत आत येतात. स्वागतकक्षाला बुलेटरोधक काच लावतात, पण तिच्याखालचं टेबल साध्या प्लायचं राहिलं तर खर्च वाया. त्यामागे एकापाठोपाठ दोन दारं, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. महाराष्ट्रात बंदूकधाऱ्यापेक्षा जमावाची शक्यता जास्त. तिथे आधी पाहायचं ते हे की दुकानांच्या वरच्या मजल्यावर थाटलेल्या कार्यालयाला जिना एकच आहे का. दुसरी वाट हवी, आणि ती जुन्या खुर्च्या-खोक्यांनी अडलेली नको. कॅमेरा किंवा फोन हिसकावला जाईल हे धरून चालावं आणि लाइव्हचं चित्र डेस्कवर मूळ स्वरूपात रेकॉर्ड होऊ द्यावं. गुन्हा उभा राहतो तो या चित्रणावर.

आपल्याकडचा आणखी एक धोका म्हणजे पुराच्या पाण्यात उभं राहून दिलेलं लाइव्ह. वेगाने वाहणारं पंधरा सेंटिमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलने एका नामवंत डॉक्टरांचा बळी घेतला. तरी दर पावसाळ्यात डेस्कवरून फोन जातो, ‘जरा आत जाऊन उभा राहा.’ कोरड्या जागेवरून कॅमेरा झूम केला तर प्रेक्षकाला पूर तेवढाच दिसतो.

नियम पाळायचे म्हटलं की प्रश्न स्ट्रिंगरपाशी येऊन थांबतो. बातमीमागे पैसे, नेमणूकपत्र नाही, घर चालवायला जोडीला दुसरा धंदा. अशा माणसाला हल्ल्यानंतर ‘मुख्य व्यवसाय पत्रकारिता’ हे सिद्ध करायला लावणं म्हणजे कायद्याच्या दारातच त्याला अडवणं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमातले पत्रकार आले आहेत, मालकावर कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याचं बंधन आहे आणि नेमणूकपत्र सक्तीचं आहे. पत्रकार संघांनी हा धागा धरून चॅनेलांकडे लेखी योजना मागावी, धमक्यांची नोंदवही मागावी, आणि करारात एक ओळ मागावी: धोका दिसल्याने बातमी अर्धवट सोडून प्रतिनिधी परतला, तर त्या बातमीचे ठरलेले पैसे पूर्ण मिळतील आणि पुढचं काम थांबणार नाही. या ओळीशिवाय बाकीची कितीही पानं लिहिली तरी घरभाड्याची तारीख जवळ आलेला स्ट्रिंगर जमावासमोरून हलणार नाही.