इंडिकेटर द्यायचा, जागा सोडायची आणि समोरच्याला आतही घ्यायचं

‘मुंबईत गाडी चालवायचे खरे नियम’ अशा नावाचा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. नुकतंच लायसन्स मिळालेल्यांसाठी तो लिहिलेला आहे आणि त्यात पाच सल्ले आहेत. लेन बदलताना इंडिकेटर देऊ नका, दिला की मागचा जागा बंद करतो. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवू नका, कोणीतरी घुसतंच. लेन संपते तिथे शेवटपर्यंत पुढे येणाऱ्याला अजिबात आत घेऊ नका. वेगमर्यादेने चालला असाल तर उजवी लेन कुणासाठीही सोडू नका. आणि पाऊस लागला की चारही इंडिकेटर चालू ठेवा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आला तेव्हा जुन्याजाणत्या माणसांनीही ‘शंभर टक्के खरं’ म्हणून अंगठे दिले. मला हे गप्प बसून बघवत नाही, कारण ज्यांच्यासाठी हे लिहिलंय ती पोरं उद्या सकाळी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर याच सल्ल्यांनी गाडी चालवणार आहेत.

पहिला सल्ला सगळ्यांत जास्त पटतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. इंडिकेटर दिसला की ॲक्सिलरेटर दाबणारे लोक आपल्याकडे आहेत, हे मी नाकारत नाही. पण यातले पुष्कळ लोक वेग वाढवतात ते इंडिकेटर उशिरा आल्यामुळे. स्टिअरिंग वळायला लागल्यावर पेटलेला दिवा मागच्याला काहीच सांगत नाही, तो फक्त दचकवतो. हिशेब करून बघा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तीन सेकंद आधी इंडिकेटर लावला, तर मागच्याला विचार करायला जवळपास ६६ मीटर रस्ता मिळतो. तेवढ्यात तो थोडा सैल होतो किंवा झपकन पुढे निघून जातो. पुढे गेला तर जाऊ द्या आणि त्याच्या मागून लेन घ्या. तुम्ही फक्त एका गाडीने मागे पडता. तुम्ही इंडिकेटर न देता वळला असतात, तर त्याचा इरादा धडक बसल्यावर कळला असता.

शिवाय इंडिकेटर काही फक्त मागच्या कारसाठी नसतो. मुंबईत कारच्या डाव्या बाजूने सतत दुचाक्या येत असतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे डावीकडे मागच्या दाराजवळचा भाग त्याला सगळ्यांत कमी दिसतो. आधी बाइक डाव्या आरशात छोटीशी दिसते. बाहेरचा आरसा बहिर्गोल असल्यामुळे ती असते त्यापेक्षा लांब वाटते. मग ती आरशाच्या कडेला सरकते आणि नाहीशी होते. आपल्याला वाटतं मागे राहिली. प्रत्यक्षात ती त्या क्षणी आपल्या मागच्या दाराला लागून असते, आणि बाइकवाल्याला आपला बेत कळायचा एकमेव मार्ग म्हणजे तो लुकलुकणारा दिवा. म्हणून डावीकडे लेन बदलताना आतला आरसा, मग बाहेरचा आरसा, आणि शेवटी मान वळवून एक नजर, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय स्टिअरिंग हलवू नये. नजर टाकायला अर्धा सेकंद लागतो.

इशारा देणं ही मेहेरबानीही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२१ मध्ये ती चालकाची जबाबदारी आहे आणि वाहन चालवण्याच्या २०१७ च्या विनियमांतही लेन बदलण्याआधी इशारा द्यायलाच सांगितलंय. हे विनियम मोडल्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५०० ते १,००० रुपये आहे. मात्र एक गोष्ट इंडिकेटर देणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी. दिवा लावला म्हणजे जागा आपली झाली असं होत नाही. त्या लेनमध्ये जो आधीपासून आहे, पहिला हक्क त्याचा.

अंतर ठेवलं तर कोणीतरी घुसतं, हे खरं आहे. घुसू द्या. दोन सेकंदांचं अंतर राखलं, म्हणजे पुढची गाडी जिथून गेली तिथे आपण दोन सेकंदांनी पोचलो, तर घुसणारी प्रत्येक गाडी तुम्हाला साधारण दोन सेकंद मागे टाकते. समजा वांद्र्याहून दहिसरपर्यंत तीस गाड्या पुढे घुसल्या, तर एका मिनिटाचा फरक पडला. एवढंच. उलट अंतर न ठेवल्याने काय होतं ते जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. त्यांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना एकाच वेगाने चालवायला सांगितलं. सिग्नल नाही, खड्डा नाही, अपघात नाही. तरी थोड्याच वेळात कोणीतरी जरासा ब्रेक लावला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त, आणि तयार झालेली कोंडी उलट दिशेने मागे सरकत गेली. हायवेवर आपण अर्धा तास रखडतो, पुढे जाऊन बघतो तर रस्ता मोकळा, आणि कशासाठी अडकलो होतो ते कळतच नाही. त्यातल्या पुष्कळ कोंड्या अशाच बंपरला बंपर लावून चालल्यामुळे तयार होतात. आपल्यापुढची रिकामी जागा हा ब्रेकचा धक्का शोषून घेते आणि मागच्या शेकडो गाड्यांचा वेळ वाचवते.

तिसरा सल्ला सगळ्यांत घातक आहे, कारण तो दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतो.

मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले आणि तीन लेनच्या दोन झाल्या, किंवा पुलाच्या तोंडाशी रस्ता अरुंद झाला, अशा ठिकाणी संपणारी लेन शेवटपर्यंत वापरणं ही चोरी नाही. तीच योग्य पद्धत आहे. अरुंद जागेतून एका लेनमध्ये साधारण दोन सेकंदाला एक गाडी निघते. कोण कुठून आत आलं याने तो आकडा वाढत नाही. बदलते ती रांगेची लांबी. शंभर गाड्या सरकत्या रांगेत प्रत्येकी सात मीटर धरल्या, तर एकाच लेनमध्ये ७०० मीटरची शेपटी होते. त्याच गाड्या दोन्ही लेन वापरून आल्या तर ३५० मीटर. मुंबईत हा फरक फार मोठा आहे, कारण ७०० मीटरची शेपटी मागच्या जंक्शनपर्यंत पोचते आणि ज्यांना या रस्त्याने यायचंही नाही त्यांनाही अडकवते. म्हणून दोन्ही लेनमधून टोकापर्यंत यायचं आणि तिथे चेनचे दात बसतात तसं एक इकडची, एक तिकडची असं आत जायचं. जर्मनीच्या वाहतूक नियमांत तर हे लिहूनच ठेवलंय: लेन संपते तिथे शेजारच्या लेनमधल्यांनी आळीपाळीने आत घ्यायचं.

आता दुसरी गोष्ट. पुलाखाली उतरण्यासाठी डावीकडे रांग लागलीय, सरळ जाणारी लेन मोकळी वाहतेय, आणि एक जण त्या वाहत्या लेनमधून पुढे येऊन अगदी पुलाच्या फाट्यावर, पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांवर गाडी आडवी घालून नाक खुपसतो. इथे कोणतीही लेन संपत नाही. हा माणूस रांगही मोडतो आणि मागची सरळ जाणारी लेनही थांबवतो. त्याच्यावरचा राग रास्त आहे. पण तो राग पत्र्यांपाशी नियमाने आलेल्या माणसावर काढून, दोन लेनच्या मधल्या तुटक रेषेवर गाडी ठेवून दोन्ही वाटा अडवणं हा कुठला न्याय? आणि फाटा चुकलाच, तर पुढे जायचं. ईस्टर्न फ्री वेवर पांजरापोळचा फाटा चुकला तर घाटकोपर-मानखुर्दकडच्या टोकापर्यंत जाऊन यावं लागेल, जीव वैतागेल, तरी पुढेच जायचं. तिथे गाडी थांबवून रिव्हर्स टाकणारे मी पाहिलेत आणि मागून ऐंशीने येणाऱ्याला त्यांच्यासाठी काय करता येणार हे मला कळत नाही.

याच मुद्द्याला लागून सर्व्हिस रोडवरून हायवेवर येणाऱ्यांचा प्रश्न आहे. फ्री वेला किंवा कोस्टल रोडला चढताना वेग पकडायला रॅम्प मिळतो, तो पूर्ण वापरायचा. चाळीसने जाऊन ऐंशीच्या प्रवाहात शिरलात, तर मागे ५५ मीटरवर असलेली गाडी पाच सेकंदांत तुमच्या डिकीपाशी असते. पण वेस्टर्न आणि ईस्टर्न एक्स्प्रेसवर सर्व्हिस रोडच्या पुष्कळ तोंडांना वेग पकडायला जागाच नसते. तिथे रिक्षा विसाच्या वेगाने आत येणार, स्टॉपवरून निघालेली बेस्टची बस येणार. हक्क मुख्य रस्त्यावरच्याचा असला तरी शहाण्याने ते तोंड लांबून दिसताच उजवी लेन मोकळी असेल तर आधीच एक लेन उजवीकडे सरकावं, नाहीतर पाय थोडा सैल सोडावा. बस पूर्ण भरून उभी असते, तिच्यातल्या साठ-सत्तर जणांना वाट द्यायला आपले चार सेकंद जातात.

उजव्या लेनबद्दल फार बोलायची गरज नाही. मागच्याचा वेग मोजणं आपलं काम नाही. तुम्ही हलला नाहीत तर तो दुचाक्या-रिक्षांमधून डावीकडून कट मारून जाणार, आणि त्यात तिसराच कोणीतरी पडणार. डावीकडे जागा मिळाली की सरका. मागे रुग्णवाहिका असेल तर ‘मी वेगमर्यादेत होतो’ हे उत्तर चालत नाही. तिला वाट न देण्याचा दंड १०,००० रुपये आहे.

राहिला पावसाचा सल्ला. चारही दिवे लुकलुकत असले की बहुतेक गाड्यांत डावा-उजवा इंडिकेटर दिसतच नाही, म्हणजे ज्या दिवशी रस्ता सगळ्यांत निसरडा असतो त्याच दिवशी तुम्ही लेन बदलणार हे कुणालाच कळत नाही. त्यातून लांबून पाहणाऱ्याला तुमची गाडी बंद पडून उभी आहे असं वाटतं आणि तो घाबरून ब्रेक मारतो. ते दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. जोरदार सरीत हेडलाइट लो बीमवर लावा, म्हणजे मागचे लाल दिवेही पेटतात. काचेवर धुकं धरत असेल तर एसीची हवा काचेवर सोडा. अंतर दोनाचं चार सेकंद करा. आणि पुढचं दिसेनासं झालं तर पुलावर किंवा पुलाखाली न थांबता हळूहळू पुढच्या पेट्रोलपंपात गाडी घ्या.