आक्रोश : रडायचा की ओरडायचा?

‘आक्रोश मोर्चा’ हा मथळा वाचून सुधाने वर्तमानपत्राची घडी केली आणि मोर्चातली माणसे रडत निघाली होती की काय, एवढेच विचारले. तेवढ्यावरून काल आमचा कट्टा तासभर पेटला.

तात्यांना प्रत्येक विषयात मत असते आणि ते उभे राहिल्याखेरीज त्यांना मांडता येत नाही. आक्रोश म्हणजे संताप, आणि त्यात रडारड शोधणारे लोक चळवळीतली हवा काढून घेतात, असे त्यांनी उभ्यानेच जाहीर केले. त्यावर सुधा म्हणाली, “प्रेताजवळ बसून एखादी बाई आक्रोश करते, तेव्हा ती कोणाविरुद्ध घोषणा देत असते, तात्या?” मराठीत हा शब्द टाहो आणि हंबरडा यांच्या घरचा आहे, संतापाचा अर्थ त्याला हिंदी बातम्यांच्या संगतीने लागला, असे तिचे म्हणणे, आणि मला ते पटते.

मास्तरांनी मात्र दोघांचीही पंचाईत केली. क्रुश् या धातूचा मूळ अर्थ नुसता ओरडणे; हाक पोहोचेल तेवढे अंतर तो क्रोश, आणि आपला कोस त्याच्यातूनच आला. संस्कृतात आक्रोश म्हणजे शिवीगाळही होते. जैन साधूने सोसायच्या 22 परीषहांत, म्हणजे कष्टांत, ‘आक्रोश’ आहे, पण तिथे साधूने रडायचेही नसते आणि चिडायचेही नसते; लोकांनी दिलेल्या शिव्या निमूटपणे ऐकून घ्यायच्या असतात. पालीतल्या ‘अक्कोस’चा अर्थही तोच, आणि त्या नावाच्या सुत्तात शिव्या देणाऱ्या ब्राह्मणाला बुद्ध विचारतात, की वाढलेले अन्न पाहुण्याने घेतले नाही तर ते कोणाचे राहते?

“म्हणजे मूळ अर्थ माझ्याच बाजूचा निघाला!” तात्यांनी टाळीसाठी हात पुढे केला.

“तुमच्या बाजूला शिव्या निघाल्या,” सुधा म्हणाली, “आणि त्या आम्ही घेतलेल्या नाहीत.”

त्याच धातूपासून झालेल्या ‘अनुक्रोश’चा अर्थ दया असा आहे, हे मास्तरांचे वाक्य कोणी ऐकलेच नाही, कारण तोवर बंडूने शाळेतले नाटक उकरून काढले होते. संहितेत कंसात ‘बापाच्या प्रेतापाशी आक्रोश करतो’ एवढेच लिहिले होते आणि तात्यांनी मुठी आवळून, पाय आपटत, “ऊठ, नाहीतर बघून घेईन” असा दम प्रेतालाच भरला. प्रेत म्हणजे बंडू. तो हसला आणि नाटक पडले. ते नक्की कोणी पाडले, याचा निकाल चाळीस वर्षांत लागलेला नाही.

“तो नियतीवरचा संताप होता, गाढवा!” तात्या इतक्या वरच्या पट्टीत गेले, की पलीकडून जाणारा एक अनोळखी गृहस्थ थबकला, आमच्याजवळ आला आणि हलक्या आवाजात त्याने विचारले, “कोण गेलं?”

सुधाने काही न बोलता तात्यांकडे बोट दाखवले, आणि त्यानंतर तात्यांसकट कोणालाच बराच वेळ बोलता आले नाही.