दोन दिवस काहून लागले ते ऐका

नमस्कार साहेब, आमच्या गॅरेजात गाडीच्या ब्रेकमधली हवा काढली, त्याचा तुमचा रिव्ह्यू वाचला. उजव्या फेंडरवर ब्रेक ऑइल सांडून पेंट फुगला ती आमचीच चूक आहे. पोट्ट्यानं ओतताना कापड टाकलं नाही अन लगेच पाणीही मारलं नाही. त्याची माफी मागतो.

पण "एका तासाच्या कामाला दोन दिवस लावले, पांढरकवड्यात असली गाडी कोणाला कळत नाही" हे जे लिहिलं नं, ते वाचून जेवण गेलं नाही मले.

दोन दिवस नाही साहेब, दोन तारखा म्हणा. गाडी आली पोळ्याच्या आदल्या दिवशी चार वाजता, गेली पोळ्याच्या दिवशी दुपारी एकला. मधात रात्र होती.

तुमची एमजीबी १९६७ ची, जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. समोर डिस्क, मागे ड्रम, अन चारही चाकांची ब्रेक लाइन एकच. आताच्या गाड्यांसारखे दोन सर्किट नाहीत, म्हणून एका चाकात हवा राहिली तरी सगळं पेडल स्पंजासारखं होते. मी आधी मागच्या ड्रमची सेटिंग घेतली, कारण लायनर (ड्रमले आतून घासून गाडी थांबवतात ते) ढिले असले तर कितीही एअर काढा पेडल खालीच जाते. मग मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलते तो) सगळ्यात लांबचं म्हणजे मागचं डावं चाक धरलं. पोट्टा चहा आणाले गेला होता, तुम्हीच म्हणाले मी बसतो पेडलवर. ठीक आहे म्हटलं. मी खालून ओरडून राहिलो दाबा, धरून ठेवा, आता सोडा, अन निप्पल (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) बंद झाल्याशिवाय पाय उचलू नका हे तीन वेळा सांगितलं. तेवढ्यात तुमचा हैदराबादवाला फोन आला अन बोलता बोलता पाय वर. निप्पलले लावलेल्या नळीचं टोक बाटलीत ऑइलमध्ये बुडलेलं होतं, तरी उघड्या निप्पलच्या आट्यातून हवा ओढल्या जाते. पुन्हा पहिल्यापासून. नंतर आणखी दोन फोन आले, ते मी मोजत नाही. (मोजले खरं तर.) वरून घाईघाईत धपाधप पंप मारल्यानं ऑइलमध्ये बारीक फुगे झाले, ते बसाले वेळ द्याच लागते, म्हणून रात्रभर गाडी ठेवली. आराम करत नव्हतो.

अन क्लच? गिअर टाकताना कर्रकर्र होते हे तुम्ही सांगितलं संध्याकाळी साडेसातला, आधी फक्त ब्रेक म्हटलं होतं. क्लचही ऑइलवरच चालते; त्याचा स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबानं क्लच ढकलते तो) खाली गिअरबॉक्सजवळ, मास्टर वर. हवा वर चढणार अन आपण वरून खाली ढकलून राहिलो, त्यात किती वेळ जाते ते करणाऱ्याले माहीत. सकाळी सगळी दुकानं बंद, ओळखीच्या माणसाले घरून उठवून गुरांच्या औषधाच्या दुकानातून नवं कोरं मोठं इंजेक्शन (रिकामी सिरिंज) आणलं अन खालच्या निप्पलमधून ऑइल वर चढवलं, तेव्हा वरच्या ऑइलच्या टाकीत बुडबुडे निघाले. त्याच इंजेक्शनचा फोटो तुम्ही रिव्ह्यूत टाकला, "जुगाड" म्हणून. त्यानंच क्लच बरोबर काम कराले लागला साहेब.

त्या दिवशी बैलालेही सुट्टी असते, खांद्यावर जू ठेवत नाही कोणी. मी तुमच्या गाडीखाली होतो. घरचे पूजेसाठी थांबून होते.

सोळाशे रुपयांच्या बिलात डॉट फोर ब्रेक ऑइलच्या दोन सीलबंद बाटल्याही आल्या. तुमच्या डिकीतली अर्धी बाटली मी घेतली नाही याचा राग दिसला, पण उघडं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढते, त्यात भर पावसाळा, अन पाणी ओढलेलं ऑइल लवकर उकळते. घाटात पेडल खाली गेलं असतं तर तुम्ही कोणाचं नाव घेतलं असतं? पुरणपोळी खाल्ली तुम्ही आमच्या घरी, ती बिलात नव्हती अन असणारही नाही, फक्त आठवण दिली.

पोट्ट्याले समजावलं आहे, फेंडर कव्हर मागवतो, अन यापुढे वेळेचं आधी बोलून घेत जाऊ. स्टार वाढवा म्हणत नाही, पण "दोन दिवस" तेवढं बदललं तर बरं होईल, हायवेवरचे ट्रकवाले लोकं हेच वाचून पुढच्या गॅरेजले जातात. डागाच्या पेंटिंगचं किती सांगतात ते कळवा, पाहू आपण.